भिंतीला टेकवलेले पाय

जिथे माणसांना काही न करता पडून राहावं लागतं, तिथे किस्से साचतात. वाशीमच्या आमच्या शिरांच्या दवाखान्यात मंगळवारी नंबर येईपर्यंत बसायचं नसतं, झोपायचं असतं! लांबच लांब गादी, तिच्यावर उताणं पडायचं आणि दोन्ही पाय वर करून भिंतीला टेकवायचे. मध्ये पडदा, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. फुगलेल्या शिरांतलं रक्त हळूहळू उतरतं, सूज ओसरते, वर पंखा फिरत राहतो. चेहरे दिसत नाहीत. नदीच्या पलीकडच्या काठावरून यावेत तसे नुसते आवाज येतात.

मी सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, म्हणून इथे आले. डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे सकाळी पाय जमिनीला लागायच्या आत, अंथरुणातच चढवायचे असतात. ते काम हे करायचे. मागच्या वर्षी हे गेले. तेव्हापासून मोजे पायात चढले नव्हते आणि माझ्या घोट्याजवळची कातडी काळवंडत चालली होती. "मोजे सोडू नका. इथे जखम झाली तर महिनोन्महिने भरत नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर खेपेला त्या विचारायच्या, "घालता ना मॅडम?" मी म्हणायचे, "घालते."

असो. किस्से सांगत होते.

*

पडद्यापलीकडे रिसोडकडचे एक शेतकरी काका होते. डॉक्टर त्यांना समजावत होत्या, "काका, पायांच्या शिरांत बारीक झडपा असतात. रक्त वर जाऊ देतात, खाली परतू देत नाहीत. त्या सैल झाल्या की रक्त खालीच साचतं, शीर फुगते."

"म्हंजे मोटरीचा फुटवॉल लिक झाला म्हना की!"

"अगदी बरोबर!" डॉक्टर खूश.

"मंग नवा टाका ना. रिसोडात भेटते."

"नवा बसत नाही. ती शीरच आतून लेसरनं बंद करायची. बाकीच्या शिरांतून रक्त आपली वाट काढतं."

पंखा फिरतोय. मग काका अगदी काळजीनं म्हणाले, "आन् डॉक्टर, लेसर अर्ध्यात अस्ताना लाइन गेली तं?"

*

रफिकभाई न्हावी. तीस वर्षं खुर्चीमागे उभे. डॉक्टर म्हणाल्या, बसून काम करत जा. त्यांनी उंच स्टूल घेतलं, पण स्टुलावर बसलं की गिऱ्हाइकाचं डोकं हाताखाली येईना. शेवटी खुर्ची सरकवून जमिनीवर पाट मांडला आणि आजोबा लिंबाखाली करायचे तशी समोरासमोर बसून दाढी सुरू केली. तरुण पोरं पळाली, म्हातारे परत आले!

"धंदा कसा आहे मग?" मी पडद्यातून विचारलं.

"क्या बताऊं म्याडम, पाय सुधरून राह्यले. पन म्हातारे पाटावर बसले की त्याइले उठवाले मलेच उभं राहा लागते!"

*

गंगाबाईची मानोऱ्याच्या बसस्टँडसमोर भज्यांची गाडी. वीस वर्षं कढईसमोर उभी. तिचं ऑपरेशन ठरलं. आडवं झालं की शिरा दिसेनाशा होतात, म्हणून डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळी तिला उभं करून पायावर मार्करनं रेघा काढल्या. "पुसू देऊ नका हं."

गंगाबाई रात्री भाचीकडे उतरली. पुसलं जाऊ नये म्हणून भाचीनं सगळ्या रेघा मेंदीनं गिरवल्या. मेंदी हातात आल्यावर पोरीचा हात काही थांबेना. सकाळी डॉक्टरांनी पायावरची चादर बाजूला केली आणि बघतच राहिल्या.

"गंगाबाई, हा मोर मी काढला होता?"

"नाई बाप्पा. मोर सोडून बाकी सारं तुमचंच हाय!"

*

एक कॉलेजची मुलगी आली. मांडीवर निळ्या-तांबड्या बारीक रेषा, कोळ्याच्या जाळीसारख्या. यापासून धोका नाही, नको असतील तर बारीक सुईनं औषध देऊन घालवता येतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी ती मुसमुसत होती.

गंगाबाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "काहून रडतं व माय? तुह्या पायावर निसत्या पांदणी हायत. माह्यावर तं हायवे होता!"

मुलगी रडता रडता हसली. भिंतीवर आमचे पाय एका ओळीत, उन्हाची तिरीप त्यांच्यावरून सरकत होती. मला वाटतं, क्षणभर डोळा लागला असावा.

*

"म्याडम," शेजारून गंगाबाईचा हळू आवाज. "साऱ्याइच्या गुडघ्याखाली मोज्याचा वळ हाय. तुमच्या पायावर काहून नाई?"

"आत्ताच काढून आले."

"खोटं. त्याचा वळ दुपारलोक जात नाई."

मी एक पाय दुसऱ्यामागे लपवला.

"कोन चढवे?"

"हे."

तिनं आपल्या पिशवीतून प्लास्टिकची एक पन्नी काढली, माझ्या पिशवीतले मोजे काढले. डॉक्टरांना दाखवण्यापुरते मी ते सोबत आणत असे. गादीवरच बसून तिनं माझं पाऊल मांडीवर घेतलं. आधी बोटांवर पन्नी, तिच्यावरून मोजा. तो सळसळत घोट्यापर्यंत गेला. टाच बसली, तशी मोज्याच्या बोटांकडच्या भोकातून पन्नी ओढून घेतली.

"एकट्या मानसाची युक्ती हाय हे," ती म्हणाली. "पन्नी भज्याची हाय, वास येईन. चालन ना?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गंगाबाईचा फोन; निघताना तिनं नंबर घेतला होता. "म्याडम, पाय खाली टेकवले का?"

"नाही."

"मंग घ्या पन्नी. मी बी घेतो."

फोन उशीवर ठेवून आम्ही दोघींनी मोजे चढवले. तिकडे ती धापा टाकत होती, इकडे मी. मग हे रोजचंच झालं.

एका सकाळी फोन आला नाही. सहा वाजले, साडेसहा. मी तशीच पडून राहिले. खिडकीत उजाडलं, दूधवाला येऊन गेला, ऊन पांघरुणावर आलं. पाय खाली ठेवावेसे वाटेनात. सव्वासातला मीच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"गंगाबाई, बरं आहे ना?"

"मले काय होते? म्हटलं रोज मीच लावून राह्यली, आज म्याडम लावते का पाहू."

"अहो, पण गाडी? भजी?"

"गाडीवाल्या बाईचे पाय अजून खाटीवरच हायत. गिऱ्हाईक तिकडं बोंबलून राह्यलं असन! घ्या आता पन्नी."