तळहाताचं माप

नीलांबरीची ओळख सांगायची तर तिच्या देव्हाऱ्यापासून सुरुवात करावी लागते. बंगळुरूला तो फ्रिजवर होता, तैवानला कपाटाच्या खणात, आइंडहोवनच्या भाड्याच्या घरात जिन्याखाली. नवरा धवल कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या मशीनवर काम करणारा. कंपनी हलवील तसं घर हलायचं, आणि दर वेळी ती देवांचे टाक, समई, बाळकृष्ण मऊ फडक्यांत गुंडाळून हातसामानात घ्यायची. कुरकुर नाही.

मग शेजारच्या फेल्डहोवनला स्वतःचं घर झालं. वास्तुशांत भटजींनी व्हिडिओवरून सांगितली. संकल्प झाल्यावर धवल देवापुढे हात जोडून म्हणाला, "बास झालं फिरणं. आता इथेच." नीलांबरीने तो शब्द खरा धरला. नेटाने डच शिकली, परीक्षा दिली, शुक्रवारी चारजणी जमवून श्रीसूक्त म्हणायला लागली. मुलगी ऋता मराठीत विचारलेल्याला डचमध्ये उत्तर देऊ लागली, तेव्हा तर तिला वाटलं, रुजलो आपण.

धवलची एक खोड ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक. काही घ्यायचं म्हटलं की हा आठवडेच्या आठवडे तुलना करणार. व्हॅक्यूम क्लीनर असो की ऋताची सायकल, वजन किती, हातात बसते कशी, पाच वर्षांनी काय होईल. नीलांबरी मैत्रिणींना हसून सांगायची, "जे घ्यायचं नाही, त्याकडे आमचा माणूस ढुंकूनही बघत नाही."

मार्चमध्ये एकदा ती कणीक मळून उठली, तर हा पट्टी घेऊन उभा. "हात बघू. तुझ्या सायकलच्या मुठी बदलायच्यात." मनगटापासून मधल्या बोटापर्यंत माप घेतलं, मूठ वळायला लावली, पुन्हा घेतलं. तिला बरं वाटलं. दिवसभर उगाचच गुणगुणत होती.

त्यानंतरच्या एका शनिवारी तो तिला गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात घेऊन गेला. त्या दिवशी क्लब सगळ्यांना खुला होता.

"अरे, मी कशाला तिथे? दसऱ्याला विळी, कात्री नि तुझा लॅपटॉप पुजते, तेवढीच माझी शस्त्रं!"

"चल गं, मजा म्हणून."

शिकवायला विम नावाचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी तिच्या कानांवर जाड कर्णरक्षक चढवले, हातात सरावाचं पिस्तूल दिलं. तिने एकच गोळी झाडली आणि पिस्तूल हलकेच खाली ठेवलं. पण धवलचे प्रश्न संपेनात. इंग्रजीत त्याचं आपलं चालूच.

"रिव्हॉल्व्हर बरं की लहान पिस्तूल?"

"रिव्हॉल्व्हर साधं, अडकत नाही फारसं. पण मध्ये जाड आणि गोळ्या कमी," विम म्हणाले. "लहान पिस्तूल चपटं. मात्र हलकं म्हणून झटका जोरात बसतो. खटका ओढायला जड की हलका, तेही बघावं लागतं."

"आणि पर्समध्ये ठेवलं तर? घोडा अस्तरात अडकेल?"

विम यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "पर्समध्ये? अहो, इथे क्लबात आणतानासुद्धा ते कुलूपबंद पेटीत लागतं, गोळ्या वेगळ्या. लपवून बाळगलंत तर पोलीस उचलतील. असल्या आखूड नळीच्या पिस्तुलाचं तुम्हाला काय काम?"

"नाही, तिचा हात लहान आहे. सतरा सेंटिमीटर," धवल बोलून गेला.

नीलांबरीने पदराआड घ्यावा तसा आपला हात ओढणीत घेतला. एका क्षणात तिला सगळं कळलं.

बाहेर ती गाडीपाशी आली. मग म्हणाली, "कुठलं गाव?"

"कसलं गाव?"

"जिथे बायका पर्समध्ये पिस्तूल घेऊन भाजी आणायला जातात, ते."

धवलने किल्ली या हातातून त्या हातात केली. "ऑस्टिन. टेक्सासमध्ये."

"ठरलं?"

"जानेवारीत सही केली. नीलू, ऐक. मी सगळा अभ्यास करतोय तो तुझ्याच सेफ्टीसाठी. दिवसभर घरी तू एकटी..."

"जानेवारीत? माझ्या हळदीकुंकवाला खुर्च्या मांडत होतास, तेव्हा सही झालेली होती?"

त्याने गाडीचं लॉक उघडलं.

"आणि मुठी सायकलच्या होत्या, नाही का?"

"मी सांगणारच होतो गं. तू नाही म्हणशील अशी भीती वाटली."

"इतकी घरं हलवलीस. मी एकदा तरी नाही म्हटलं?" तिचा आवाज चढला नाही, हेच त्याला जड गेलं. "विचारलं असतंस तर याही वेळी मी निमूट बांधाबांध केली असती. पिस्तुलाची चौकशी केलीस, जड आहे का, जाड आहे का, हातात बसेल का. माझी नाही केलीस."

"बरं, चुकलो. आता विचारतो. येशील?"

"नाही."

संसारात तिने त्याला दिलेला हा पहिला नकार. तो दार उघडून उभा राहिला, पण ती बसच्या थांब्याकडे चालू लागली होती.

ऑगस्टमध्ये धवल एकटाच गेला. फोन रोज येतो. नीलांबरी ऋताच्या शाळेचं सांगते, बॉयलरवाला येऊन गेल्याचं सांगते, त्याने जेवणात काय केलं ते विचारते. "कधी येताय मग दोघी?" असं त्याने म्हटलं, की ती फोन मुलीच्या हातात देते आणि वातीला कापूस घेऊन बसते.