म्हशीची शर्यत

वेल्ह्याच्या रानात, नकाशा बघून झाडांना बांधलेले झेंडे शोधायच्या शर्यतीत मी सुटलेल्या पोटासकट उतरलो होतो. करवंदीच्या जाळीत डोकावत होतो, तोच काठी टेकत एक आजी आल्या.

"घावली का?"

"कोण?"

"माजी म्हस. सकाळपास्नं न्हाई. तुमी समदी तिच्यासाठीच पळताय न्हवं? लई उपकार."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी पदराच्या गाठीतला गूळ त्यात घातला. मग काय, नकाशा खिशात घातला आणि म्हैस शोधायला लागलो. बाईसाहेब ओढ्यात डुंबत होत्या.

आजींनी तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि म्हणाल्या, "पुढं पळालेल्यांना बी सांगा, घावली म्हनावं. उगा दमतील बिचारी."

मी सगळ्यांच्या शेवटी पोचलो आणि निरोप जसाच्या तसा दिला.