नसीम मॅडमचं "कायले?"

यवतमाळच्या नसीम मॅडमना कुणी एखादा जास्तीचा उपचार सुचवला, की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कायले?", म्हणजे कशाला, आणि उत्तर मिळेपर्यंत खरोखरच थांबत. डॉक्टरने असं थांबायचं म्हणजे पेशंटची पंचाईतच.

मी घाटंजीहून त्यांच्याकडे जायची ती मूल व्हावं म्हणून. टेस्ट ट्यूबचा पहिला प्रयत्न वाया गेला होता आणि गोठवून ठेवलेला एकच गर्भ उरला होता. मोबाइलवर वाचून मी तयारीनिशी गेले. म्हटलं, "गर्भाशयाला आतून ओरखडा काढतात म्हणे, गर्भ चिकटायला खास द्रवही असतो. सगळं करा."

"कायले? माहे अब्बा मेकॅनिक होते. गाडी सुरू नाही झाली, तं गिऱ्हाईक म्हणे हॉर्न बी नवा बसवा!" मग समजावून म्हणाल्या, "ओरखड्यानं फायदा होते असं पक्कं दिसलं नाही, दुखते मात्र पक्कं. द्रवाचा थोडा फायदा असू शकते, पन छातीठोक नाही सांगत. पाहिजे असंन तं सांग."

ही बाई काही करायलाच तयार नाही असं वाटून मी फणकाऱ्याने म्हटलं, "मग काहीच नको."

मॅडमनी गर्भ पोटात सोडल्यावर घरी आले, तर सासूबाईंनी तो घसरू नये म्हणून खाटेच्या पायथ्याशी विटा लावल्या. मी डोकं खाली, पाय वर! विचारपूस करायला मॅडमचा फोन आला. विटांचं ऐकून त्या खूप हसल्या.

"गर्भ काय बोरं आहे का, पदराच्या ओट्यातून सांडाले? ऊठ, शाळेत शिकवाले जा. सासूबाईले फोन दे." आणि त्यांना म्हणाल्या, "अम्मा, इटा चांगल्या आहेत, पन माठाखाली लावा."

मुलगी झाली. पेढे घेऊन गेले आणि म्हटलं, "मॅडम, तुम्ही जास्तीचं काही केलं नाही, म्हणूनच झालं!"

"हे बी नको सांगू कोनाले," त्या पेढा खात म्हणाल्या. "न केल्यानं झालं, हे तरी कोनं पाह्यलं? झालं. खुश राह्य." श्रेय न घेणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मॅडम आता लेकाकडे नागपूरला राहतात. मला त्यांची फार आठवण येते. परवा शेजारची सून हळूच विचारायला आली, "ताई, तुम्ही नेमकं काय केलं होतं?" सासूबाई लगेच माठाखालच्या विटांकडे बघायला लागल्या. माझ्याही ओठांवर 'जास्तीचं काही केलं नाही, म्हणूनच झालं' हे उत्तर आलं होतं. तिच्या डोळ्यांतली आशा पाहिली आणि ते गिळलं.

"कशानं झालं, ते मले माहीत नाही गं," मी म्हटलं. "बस, चहा घे."