मंगळवार, गुरुवार, शनिवार

१४ मार्च २०२४ रोजी आमच्या भागाचे दवाखाने आणि आरोग्यसेवा चालवणाऱ्या कल्याण क्षेत्राच्या मंडळाने वर्षाला १,८६,४०० युरो वाचवणारा एक ठराव मंजूर केला. आमच्या हाउकियोकी गावच्या आरोग्य केंद्रातली डायलिसिसची खोली जूनअखेर बंद करायची आणि तिथल्या पाच रुग्णांचे डायलिसिस शहरातल्या मोठ्या रुग्णालयात करायचे, असा तो ठराव होता. शहर आमच्यापासून एकशे बारा किलोमीटर.

ठरावाला एक अभ्यास जोडलेला होता. मी गावच्या कचेरीत हिशेब पाहतो, त्यामुळे असे कागद माझ्या टेबलावरून जातात. अभ्यास मी नीट वाचला. त्यात चूक नव्हती. गावची माणसे किती कमी होणार ते होते आणि उपचारांची गरज देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे, असेही होते. ही गरज डॉक्टरांनी नोंदवलेल्या आजारांवरून काढतात. आमच्याकडचे पुरुष डॉक्टरकडे स्वतःच्या पायांनी सहसा जात नाहीत, आडवे होऊन जातात. तोवर त्यांचा आजार कुठेच नोंदलेला नसतो आणि कागदावर ते ठणठणीत असतात.

त्या पाच रुग्णांपैकी एक मैरे युन्तुनेन. तिचा नवरा तौनो गावचा टॅक्सीवाला आणि माझा शेजारी. त्याच्या एका गाडीच्या धंद्याचा हिशेब मी बघत असे. बदल्यात तो मला सरपण फोडून देई.

तौनोचा बाप नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणाऱ्यांत होता. तौनो आधी लाकडाच्या ट्रकवर होता. पाठ गेली तेव्हा, १९९१ च्या मंदीत, लोक गाड्या विकत होते, त्यात त्याने एक जुनी मर्सिडीज घेतली आणि टॅक्सी सुरू केली. गावात तेव्हा चार टॅक्सी होत्या, शेवटी त्याची एकटी उरली. तो बोलायला लागला तर एखादे वाक्य बोले. "पट्टा लावा. काही झालं तर कागद मला भरावे लागतात," हे त्याचे नेहमीचे वाक्य. डॉक्टरकडून परत निघालेला माणूस गाडीत बसला की तो रेडिओ बंद करी आणि काय म्हणाले म्हणून कधी विचारत नसे. सांगायचे असेल तर माणूस अर्ध्या रस्त्यात आपणच सांगे. तौनो "हं" म्हणे. आमच्याकडे एवढे पुष्कळ होते.

मैरे त्याच्या उलट. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्य काढले. दर गुरुवारी वाटाण्याचे सूप करताना पोरांना ओरडणारा तिचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. मूत्रपिंडाचा आजार तिला आईकडून आला. आता पोटॅशियम वाढू नये म्हणून ती बटाटा दोनदा उकळून पाणी फेकून खाई आणि अर्धा कप कॉफी दोन तास पुरवी.

"इल्पो, तू पी भरून," ती मला म्हणायची. "मी नुसती बघते. बघितल्याने पोटॅशियम वाढत नाही अजून."

खोली बंद झाल्यावर तिच्यापुढे तीन वाटा होत्या. घरी यंत्र बसवायचे तर त्यांच्या विहिरीच्या पाण्यात लोह फार, आणि पोटातून करायचे डायलिसिस एकदा पू होऊन फसलेले. दुसरी वाट, शहरात रुग्णालयाशेजारच्या आधारगृहात राहायला जायचे. खोली तयार होती, खिडकीसुद्धा मोठी होती. मैरेने ती बघितली आणि म्हणाली, "छान आहे. मरायला कुणालाही आवडेल." तिसरी वाट, आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन करायचे.

आधी दोन आठवडे ती क्षेत्राच्या गाडीने गेली. ती गाडी वाटेतल्या सगळ्या गावांतून रुग्ण गोळा करी आणि तसेच सोडत येई. मैरे रात्री घरी पोचेपर्यंत दोनदा ओकलेली असे. तिसऱ्या आठवड्यात तौनोने शाळेच्या मुलांच्या फेऱ्या सोडल्या आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार तिच्यासाठी राखले. पहाटे निघायचे, ती यंत्रावर असेपर्यंत गाडीत थांबायचे, दुपारी परत. तौनो गाडी चालवतोय तोवर मैरे आपल्या घरी झोपणार, हे सगळ्या गावाला समजत होते. मी मदत केली असती, पण काचबिंदूमुळे मला अंधारात गाडी चालवायची मनाई आहे, आणि आमच्याकडे ऑक्टोबर ते मार्च अंधारच असतो.

ऑगस्टमध्ये तो माझ्या अंगणात सरपण फोडत होता. मध्येच कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून तो सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीला टेकला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय झालं?"

"वारा अडकलाय."

"छातीत?"

"वाऱ्याला कुठे अडकायचं ते मी सांगू का?"

थोड्या वेळाने त्याने पुन्हा कुऱ्हाड उचलली. नंतर जिन्यावर, गॅरेजचे दार उचलताना असे होताना मी पाहिले. मैरेनेही पाहिले होते, पण ती एवढेच म्हणाली की हा हल्ली हळू चालतो.

सप्टेंबरात त्याला एका जाड पाकिटातून पत्र आले. देशभरच्या लोकांच्या आरोग्याचा अभ्यास होता, त्यात चिठ्ठी टाकून निवडलेल्या नावांत तौनोचे नाव होते. एक प्रश्नावली भरायची आणि शाळेच्या व्यायामशाळेत येऊन तपासणी करून घ्यायची: रक्त, रक्तदाब, हृदयाचा आलेख. तो पाकीट घेऊन माझ्याकडे आला आणि बोट ठेवून एक परिच्छेद दाखवला. आपली उत्तरे आपल्या ओळख क्रमांकावरून इतर राष्ट्रीय नोंदींशी जोडली जाऊ शकतात, असे त्यात होते.

"इतर म्हणजे कुठल्या?"

"दवाखान्याच्या, औषधांच्या, मृत्यूच्या," मी म्हणालो. "संशोधनासाठी. गाडीच्या परवान्याच्या नाहीत."

"असं लिहिलंय कुठे?"

"लिहिलेलं नाही, पण तसं करता येत नाही. कायदा आहे."

"मी पोटदुखीची गोळी घेतली तरी दुकानदाराला दिसतं. कर कापलेला माझ्याआधी त्यांना कळतो. आणि छातीचं एवढं एकच कुणाला कळणार नाही म्हणतोस. इल्पो, आकडे कुठे कुठे जातात ते तुला माहीत असायला हवं, तू हिशेबनीस आहेस."

त्याने माझ्याच टेबलावर प्रश्नावली भरली. सध्या तुमची तब्येत कशी आहे? त्याने 'बऱ्यापैकी चांगली' वर खूण केली. चढ चढताना छातीत दुखते का? 'नाही'. मी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, "आमच्या बापाचा पाय मोडला होता तेव्हासुद्धा तो बऱ्यापैकीच होता. या गावात दुसऱ्या चौकटीत खूण करणारा माणूस दाखव."

तपासणीला तो गेला नाही. दोन सोमवारांनंतर मी त्याच्या स्वयंपाकघरात पावत्या लावत होतो, तेव्हा अभ्यासाच्या परिचारिकेचा फोन आला. नाव हेन्ना, आवाज तरुण. तौनोचे हात मासे साफ करून घाण झाले होते, म्हणून त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर टाकला. मैरे आत झोपली होती.

"तुम्ही आला नाहीत," हेन्ना म्हणाली. "अजून दोन दिवस आम्ही शाळेत आहोत. तुमच्या वयाचे पुरुष आम्हाला कमी पडतात."

"ते सगळीकडेच कमी पडतात," तौनो म्हणाला. "मला एक विचारायचंय. आलेखात काही दिसलं तर तुम्ही कुणाला कळवता?"

"फक्त तुम्हाला. परवान्याशी आमचा संबंध नाही, शपथेवर सांगते. पण काही गंभीर असलं तर मी तुम्हाला आजच्या आज डॉक्टरकडे जा असं सांगणार."

"आणि डॉक्टर काय सांगेल?"

"नेमकं नाही सांगता येणार. बहुधा शिरा तपासतील, एखादी मोकळी करतील. काही आठवडे गाडी चालवू नका म्हणतील. टॅक्सीला तर नक्कीच. पण नंतर बरं वाटतं लोकांना."

"त्या काही आठवड्यांत माझ्या बायकोला डायलिसिसला कोण नेईल?"

"क्षेत्राची गाडी असते ना?"

"तिच्यातून ती ओकत येते. मग तिला शहरात ठेवतील. एकदा ठेवलेला माणूस परत सोडलेला तुम्ही बघितलाय का?"

हेन्नाने खोटे सांगितले नाही. ती म्हणाली, "नाही. आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न आमच्या यादीत नाहीये."

"मग माझंही उत्तर नाही," तौनो म्हणाला, आणि अंगठ्याच्या कोरड्या बाजूने फोन बंद केला.

आतून मैरेचा आवाज आला. "मी जागी आहे, मूर्खा."

ती दाराशी आली. भिंतीला धरून उभी राहिली. तौनो मासे धूत होता.

"किती दिवस झाले?"

"काय?"

"छाती."

"उन्हाळ्यापासून."

"मी जाते शहरात. खिडकी मोठी आहे. तू शिरा मोकळ्या करून घे."

"तुला ती खोली आवडली नाही."

"तुझ्याशी लग्न केलं तेव्हा तू तरी कुठे आवडला होतास." मग ती माझ्याकडे वळली. "इल्पो, याला सांग. तुझं ऐकेल."

मी सांगितले. त्याने ऐकून घेतले. शेवटी मैरेनेच फोन करून, ती यंत्रावर असण्याच्या वेळेत, त्याच इमारतीतल्या डॉक्टरची वेळ घेतली. वेळ मिळाली ती सहा आठवड्यांनंतरची, १९ नोव्हेंबर, मंगळवार. लवकरची हवी असेल तर छातीत आत्ता दुखतंय असे सांगा, असे पलीकडची बाई म्हणाली. मैरेने फोनवर हात ठेवून त्याला विचारले. तो म्हणाला, "आत्ता नाही दुखत." ते खरेही होते.

सहा आठवडे तो गाडी चालवत राहिला. बर्फ पडले, रस्ते काचेसारखे झाले. एकदा रेनडिअर आडवे आल्याने त्याला जोरात ब्रेक लावावा लागला आणि त्यानंतर बराच वेळ तो गाडी बाजूला लावून बसला होता, असे मैरेने मला सांगितले. मी गाडी चालवू का, असे तिने विचारले होते. तिचा परवाना डोळ्यांमुळे केव्हाच गेला होता.

१९ तारखेला त्याने तिला दारापर्यंत नेले, तिची पिशवी परिचारिकेच्या हातात दिली आणि गाडीकडे परतला. डॉक्टरच्या वेळेला त्याचे नाव पुकारले गेले, तो आला नाही. दुपारी मैरेला यंत्रावरून उतरवले. कोट घालून ती दाराशी थांबली. बराच वेळ झाल्यावर साइया नावाची परिचारिका गाड्यांच्या तळावर गेली. तौनो चालकाच्या जागेवर होता. इंजिन चालू होते, गाडी आत उबदार होती, पट्टा लावलेला नव्हता. रेडिओ बंद होता. इमारतीकडे जायला तो उठला होता की नाही, हे कुणालाच सांगता आले नाही. मैरेने साइयाला तेवढेच पुन्हा पुन्हा विचारले.

त्या रात्री मैरे आधारगृहातल्या त्या खोलीत झोपली. हाउकियोकीत ती परत झोपली नाही. अंत्यविधीला क्षेत्राच्या गाडीने आली आणि पुढच्या डायलिसिससाठी त्याच संध्याकाळी परत गेली. चर्चच्या सभागृहात लोकांनी बटाट्याचे सारण भरून वर लिंगनबेरीची आंबट लाल फळे ठेवलेल्या चपट्या भाकऱ्या केल्या होत्या. तिने एक उचलली आणि खाल्ली. कुणी अडवले नाही.

जानेवारीत मी बसने तिला भेटायला गेलो. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसत होता.

"मी थांबवतेय," ती म्हणाली.

"काय?"

"यंत्र. डॉक्टरने दोनदा विचारलं, मनाच्या डॉक्टरने एकदा. सगळे फार चांगले वागतात. मी वेडी नाही असं लिहून दिलंय त्यांनी."

"मैरे..."

"यंत्र थांबवून घरी जाऊन मरायचं म्हटलं, तर घरी येणाऱ्या परिचारिका तेवढ्या लांब येत नाहीत. त्यांनाही वाईट वाटलं. एकीने तर नकाशा काढून दाखवला, कुठपर्यंत येतात ते." तिने खिडकीच्या काचेवर बोटाने एक वर्तुळ काढले. "आपण बाहेर आहोत."

मी कुणाची गाडी मिळते का बघतो म्हणालो. दोन जणांना विचारले. एकाची गाडी बिघडली होती, दुसऱ्याने रविवारी बघू म्हटले. मैरे शनिवारी सकाळी गेली.

जूनमध्ये अभ्यासाचा अहवाल आला आणि नेहमीप्रमाणे माझ्या टेबलावरून गेला. आमच्या भागातले साठीपुढचे पुरुष आपली तब्येत 'चांगली' किंवा 'बऱ्यापैकी चांगली' असल्याचे सांगतात आणि त्यांचे प्रमाण मागच्या वेळेपेक्षा वाढले आहे, असे त्यात होते. तौनो त्या प्रमाणात आहे. मृत्यूच्या नोंदी नंतर जोडल्या जातील, अशी तळटीप होती. मी हेन्नाला तौनोबद्दल एक ओळ लिहिली. तिने तिच्या घरच्या पत्त्यावरून उत्तर पाठवले. तो फोन झाल्यापासून आपण वरिष्ठांना प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न वाढवायला सांगत आहोत, आणि यादी आधीच लांब आहे असे उत्तर येत आहे, असे तिने लिहिले होते.

दोघांना मूल नव्हते, त्यामुळे मागची आवराआवर माझ्याकडे आली. घर विकायला काढले आहे. एकदा एक जण बघायला आला आणि विहिरीच्या पाण्याबद्दल विचारून गेला. विजेचे, अंत्यविधीचे, आधारगृहाचे सगळे देणे मी फेडले. आधारगृहात केस कापायला येणाऱ्या बाईने डिसेंबरात मैरेचे केस कापले होते. ती बाई आता तिथे येत नाही आणि तिचा पत्ता कुणाकडे नाही. तिचे अठ्ठावीस युरो द्यायचे राहिले आहेत.