वालाच्या वाफ्यातला चिखल

मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी मला त्यांचं व्हिजिटिंग कार्ड दिलं. नावाखाली छापलं होतं, 'पर्माकल्चर डिझायनर'. मुरबाडच्या बाजूला फार्महाऊससाठी जमिनी घेणाऱ्यांना ते आराखडे काढून देतात. या रविवारी जमीन बघायची, पुढच्या रविवारी रंगीत आराखडा तयार.

"पावसाळ्यात जाऊन बघता का?" मी विचारलं.

"छे हो, गाडी आत जात नाही."

मला राग आला. तो मला लवकरच येतो, आमच्या घराण्यातच आहे. पण या वेळी सगळा राग त्यांच्यावर काढता येईना. आठ वर्षांपूर्वी मीही हेच करत होते. कार्ड छापायचं तेवढं सुचलं नव्हतं.

माझे बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. घरात वाचायला पत्रकं आणि लिहायला त्यांच्याच पाठकोऱ्या बाजू. बेरजा-वजाबाक्या मी मागण्यांच्या यादीमागे शिकले. बाबांचा एक नियम होता. पत्रकाखाली नाव आणि घरचा पत्ता हवाच. 'एक कामगार', 'आपला हितचिंतक' असलं काही त्यांना चालायचं नाही. "लिहिणारा दुसऱ्या दिवशी सापडला पाहिजे," ते म्हणायचे, "निदान शिव्या द्यायला तरी."

कॉलेज संपल्यावर मी एका डोंगराळ गावात बारा दिवसांच्या शिबिराला गेले. शेत, पाणी, झाडं, कोंबड्या आणि माणसाचं घर यांची अशी मांडणी करायची की एकाचं उरलेलं दुसऱ्याला लागावं आणि जमीन दर वर्षी सुधारत जावी, हे तिथं शिकवलं. त्यालाच पर्माकल्चर म्हणतात. मी भारावून गेले. काय मोडायचं ते मी लहानपणापासून वाचत आले होते. काय उभारायचं ते पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर 'आधी पाहा' असं लिहिलं. मी ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. बाराव्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं आणि तेराव्या दिवशी मी डिझायनर झाले.

जमीन मिळायला वेळ लागला नाही. बाबांच्या कारखान्यातले एक काका दिवा स्टेशनच्या पलीकडच्या आगरी गावात राहायचे. त्यांच्या आईची शेती खाडीला लागून होती. खाडीचं पाणी थोपवणाऱ्या मातीच्या बांधाच्या आत भाताची खाचरं, आणि घराकडच्या उंच कोपऱ्यात वालाचे चार-पाच वाफे. भात निघाला की जमिनीतल्या ओलीवर आजी तिथं वाल लावायच्या. बियाणं त्यांच्या सासूपासून चालत आलेलं. राखेत घोळवून मडक्यात ठेवलेलं असायचं. त्या वालाचं बिरडं मी खाल्लेलं होतं. तसं मी नंतर कुठं खाल्लं नाही.

मे महिन्यात मी एकदा तिथं गेले, दोन तास फिरले आणि घरी येऊन एका पत्रकाच्या मागे आराखडा काढला. कोपऱ्यात छातीभर खोल तळं खणायचं. त्यात पावसाचं गोडं पाणी साठेल आणि वालाबरोबर हिवाळी भाजीही होईल. तळ्यातून निघालेला गाळ वाफ्यांवर पसरायचा, कारण गाळ म्हणजे सोनं. हे शिबिरात शिकवलं होतं, आणि डोंगरातल्या तळ्याच्या बाबतीत ते खरंही होतं.

आजींनी कागद उलटा धरून पाहिला.

"कनाला एवढा खोल गो? वर शेत हाय, खाली खाडीच हाय."

"आजी, पावसाचं पाणी गोडं असतं. ते खारटपणा खाली दाबून ठेवतं."

"बाय, तू कवा बगितलंस?"

मी पाहिलं नव्हतं, पण उत्तर मात्र लांबलचक दिलं. काका माझ्या बाजूनं बोलले, "आई, ती शिकून आलीय. सर्टिफिकेट हाय तिच्याकडं." आजी गप्प झाल्या. शिकलेल्या पोरीचा चारचौघांत अपमान नको, म्हणून त्या गप्प झाल्या असाव्यात. मला वाटलं, पटलं.

आम्ही खणलं. कमरेच्या खाली निळसर काळा चिखल लागला, त्यात शिंपल्यांचे तुकडे. त्या तुकड्यांकडे बघून कोणीही समजून घ्यावं, की हा खाडीचाच तळ. मी वहीत लिहिलं, 'चुन्याचा अंश, उत्तम'. तो सगळा चिखल आम्ही वालाच्या वाफ्यांवर नीट पसरला.

पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. चाखलं तर पाणी खरंच गोड. मग मला कुठला धीर धरवतोय! मी दोन पानांचं पत्रक लिहिलं, 'खारजमिनीत गोड्या पाण्याचं तळं', खाली नाव आणि घरचा पत्ता. सायक्लोस्टाइल करून आजूबाजूच्या गावांत घरोघर वाटलं. तळं कसं खणायचं, गाळ कुठं पसरायचा, आकृतीसकट.

भात निघाल्यावर आजींनी वाल लावला. पौषात काका घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि निघताना म्हणाले, "जमलं तर एकदा येऊन जा. आई काय बोलत नाय."

वाल वीतभर वाढून थांबला होता. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी. वाफ्यांवर पांढरी साय धरली होती. पाऊस होता तोवर मीठ पाण्याबरोबर खाली राहिलं. ऊन लागलं तसं वर आलं. तळ्यातलं गोडं पाणी ओसरलं होतं आणि बाजूनं खाडीचं पाणी झिरपत होतं. आजींनी वाफ्यातला चिमूटभर चिखल उचलला, स्वतःच्या जिभेवर ठेवला, थुंकल्या. मग दुसरी चिमूट माझ्यापुढे केली.

"चाख."

मी चाखला. मिठागरातल्यासारखा.

"आता लिव तुज्या वहीत," आजी म्हणाल्या. मग कपाळावरचा पदर सारखा करत, "मडक्यात मूठभर बियानं हाय अजून. सगला नव्हता लावला. तुज्यावर भरोसा होता, पन येवडा नव्हता."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. त्या वाफ्यांचं मी जे करून ठेवलं ते समोर दिसत होतं. पण माझं पत्रक किती घरांत होतं! मे महिना आला की लोक खणायला लागणार होते. आणि एकदा चिखल पसरला की तो कुठल्या पत्रकानं परत जाणार?

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांना वाटलं असतं तर ते खूप बोलू शकले असते. त्यांनी एवढंच विचारलं, "किती प्रती काढल्या होत्या?"

"एक रीम."

"मग एक रीम काढ. तोच आकार, तेवढीच मोठी अक्षरं. आणि त्याच घरांत जायचं. चुकीची दुरुस्ती बारीक अक्षरांत लिहिणारी माणसं मी कारखान्यात रोज बघतो."

नव्या पत्रकाचं शीर्षक होतं, 'मी चुकले, तळं खणू नका'. पहिलं पत्रक वाटताना लोकांनी पाणी दिलं होतं, गूळ दिला होता. या वेळी एका गावात एक गृहस्थ तळ्यासाठी चुन्याची फक्की मारून आखलेल्या चौकोनात उभे राहूनच पत्रक वाचत होते.

"म्हणजे तेव्हा बोलली ती थाप?"

"चूक होती. तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मग लिवलंस कशाला?"

त्यांची बायको ओट्यावरून म्हणाली, "अहो, निदान सांगायला तरी आली. तुमी आख्ख्या गावाचं गटार चुकीच्या जागी खणायला लावलंत, कुनाला सांगितलंत का?" गृहस्थांनी पायानं फक्कीची एक रेघ पुसली. मी उरलेल्या तीन पुसल्या.

चार घरं सोडली तर सगळीकडे पोचले. त्या चार घरांत त्या दिवशी कोणी नव्हतं, म्हणून पुन्हा गेले.

मग आजींचं शेत. होळीनंतर सुट्टीच्या दिवशी काका, बाबा आणि मी, एरवी मी एकटी, वाफ्यांवरचा चिखल खरवडून पाटीनं उचलत होतो आणि ज्या खड्ड्यातून काढला होता त्यातच परत टाकत होतो. पसरायला दोन दिवस लागले होते. उचलायला उन्हाळा गेला. आजींनी मदत केली नाही, थांबवलंही नाही. शेवटची पाटी पडल्यावर त्यांनी अट घातली.

"एक वरीस यायचं. आवसेला नि पुनवेला. कागद नाय, पेन्सिल नाय."

अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं. तेव्हा आजी बांधावरून चालत जाऊन खेकड्यांनी केलेली बिळं बुजवायच्या, कारण बोटभर बिळातून उद्या बांध फुटतो. मी त्यांच्या मागून चालायला लागले. कुठल्या महिन्यात पाणी बांधाच्या किती वर चढतं, कुठल्या वाऱ्यात जास्त चढतं, कुठं गवताचा रंग बदलतो म्हणजे खाली मीठ आहे, हे त्यांनी कधी शिकवलं नाही. त्या बोट दाखवायच्या आणि पुढं चालायच्या. 'आधी पाहा' खाली मी दोन रेघा मारल्या होत्या. पाहायला किती दिवस लागतात ते वहीत नव्हतं.

वर्ष संपलं तरी मी जात राहिले. दोन पावसाळे वाफ्यांवरून वाहून गेले. दर वर्षी भात निघाल्यावर आजी माती चाखायच्या आणि थुंकायच्या. मडक्यातलं मूठभर बियाणं जुनं होऊन रुजेनासं होईल, म्हणून त्या दर वर्षी अंगणातल्या डब्यांत चार वेल लावून तेवढंच नवं करून ठेवायच्या.

तिसऱ्या वर्षी वाफ्यांवर पांढरं दिसत नव्हतं. गवतही आलं होतं. आजी मडकं घेऊनच आल्या होत्या. त्यांनी माती उचलली, पण स्वतः चाखली नाही. हात माझ्यापुढे केला.

"तू बोल."

मी चाखली. वरची ठीक होती. मग हातभर खालची उकरून चाखली. जिभेच्या कडेला अजून होतं, अगदी थोडं. मला फार वाटत होतं की 'लावा' म्हणावं. तीन वर्षं मी त्या एका शब्दासाठी येत होते.

"अजून नको आजी. एक पावसाळा जाऊ दे."

त्यांनी मडक्याचं फडकं परत बांधलं. नाराज झाल्या की काय, कळेना. थोडं पुढं गेल्या, थांबल्या, आणि मला कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मंग पावसाचं पानी कुटं अडवशील गो?"

पिशवीत कागद होता. मी काढला नाही. पौर्णिमा दोन दिवसांवर होती.

"बघून सांगते," मी म्हटलं, आणि आम्ही बांधाकडे निघालो.