आत्याबाईंचे कान चांगले आहेत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईला नाही — विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःलासुद्धा धड नाही. आणि आता सांगतेय ते मन हलकं करायला, असं समजू नका. ते हलकं व्हावं असं मला वाटतच नाही.

आधी माझ्या नादाबद्दल सांगते, कारण त्याची मला आजही लाज नाही. मी डोंगरकड्याला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. लोकांनी अडगळीत टाकलेले लॅपटॉप आणायचे, त्यातली विंडोज पुसायची आणि कुणी नावही न ऐकलेली एखादी फुकटची सिस्टिम टाकून ते पुन्हा चालते करायचे — हा माझा छंद. दुसरा त्याहून वेडा. गाणी, व्हिडिओ दाबून दाबून किती लहान होतात ते बघायचं. फाइल दाबायची तर आतलं काहीतरी टाकून द्यावं लागतं, कानाला कळणार नाही अशा बेतानं. पण कुठवर टाकलं तर कळत नाही? या एका प्रश्नापायी मी सुट्ट्याच्या सुट्ट्या घालवल्यात.

बाईनं स्क्रू खोलून बसावं हे घरात कुणाला पटणार? दीर म्हणायचे, वहिनी एक दिवस घर पेटवतील. नवरा नुसता हसायचा — ते जास्त लागायचं. माझ्या बाजूचं एकच माणूस होतं, माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. "बसू द्या तिला. कोणाचं काय खाऊन राहिली?" एवढं बोलून त्या माझ्या वाट्याच्या भाकरी थापायला बसायच्या.

आत्याबाई गायच्या. भीमगीतं, बुद्धगीतं. तरुणपणी जयंतीला त्यांना कळमनुरीपासून कनेरगाव नाक्यापर्यंत बोलावणं असायचं. तेव्हा कुणीतरी टेपवर भरून दिलेल्या कॅसेटी त्यांनी लुगड्यांच्या घडीत जपल्या होत्या. त्या त्यांनी आपण होऊन माझ्या हातात दिल्या. घरात दुसऱ्या कुणाला दिल्या असत्या का?

उन्हाळ्यात मी त्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या — पूर्ण, काहीही न टाकता. सुंदर उतरल्या. दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यायचा. तिथंच थांबायचं होतं. पण तेव्हा मला दाबण्याचा एक नवा प्रकार सापडला होता, मुळात फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला. बोलणं त्यात चिमूटभर जागेत मावतं — मग गाणं? मावलं की! सगळ्या कॅसेटी मिळून चार-दोन फोटोंच्या जागेत बसल्या. मी उठून नाचायचीच बाकी होते. लॅपटॉपच्या टिचभर स्पीकरवर एक गाणं अर्धवट ऐकलं, ठीक वाटलं, सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. त्याच लॅपटॉपवर नवी सिस्टिम टाकायची होती, जागा हवी होती — पूर्ण रेकॉर्डिंग पुसून टाकलं. आणि कॅसेटी? भंगारवाल्याला दिल्या. आता सगळं आपल्याकडे आहे, या मस्तीत.

वर्षावास सुरू झाला त्या आषाढी पौर्णिमेला घरी सगळे जमले. दिरांनी मोठा स्पीकर आणला. मी पेनड्राइव्ह लावला आणि पहिल्याच ओळीला मला कळलं, नको तेवढं टाकून दिलंय. ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी. आवाज थरथरत, बुडून वर येत होता. बाकीच्यांना काही वाटलं नाही, ते टाळ्या वाजवत होते. जुनं रेकॉर्डिंग, असायचंच असं. आत्याबाईंनी मात्र हात वर केला.

"हा माझा आवाज न्हाई. पाण्यातून कोणी बोलून राहिलं वाटते."

दीर माझ्याकडे वळले. "काहून वहिनी? बिघडवलं का काई?"

सगळं घर बघत होतं. मी एकदा तरी चुकावं म्हणून हे घर किती वर्षं टपून बसलं होतं! हो म्हटलं असतं तर माझे लॅपटॉप त्याच भंगारवाल्याकडे गेले असते. मी म्हणाले, "न्हाई, बराबर आहे. आत्याबाईंचं वय झालं, कानाचं काई असंन."

तेव्हा मी घाबरले होते, हे खरं. पण पुढच्याला काय म्हणाल?

नवऱ्यानं आत्याबाईंना नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. नेलं मीच. या वयात थोडं कमी व्हायचंच, म्हणून डॉक्टरांनी मशीन दिलं. परतीच्या एसटीत आम्ही दोघीच शेजारी. कुणी बघत नव्हतं, कुणी टपलेलं नव्हतं. कानातल्या मशीनला बोट लावत त्यांनी हळूच विचारलं, "तुला तो आवाज बराबर ऐकू येते ना गं?"

त्या संशयानं विचारत नव्हत्या. त्यांना फक्त माझा भरवसा हवा होता. आणि खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला घरातही सांभाळून घेतलं असतं, हे मला ठाऊक होतं.

मी म्हणाले, "व्हय, आत्याबाई."

त्यांनी मशीन कानात आणखी घट्ट बसवलं. त्यानंतर त्या गायल्या नाहीत. जयंतीला बायका बोलवायला आल्या की कानाकडे बोट दाखवतात — "मला आता सूरच कळत न्हाई, माय."

घरात आता माझा मान आहे. दीरच स्वतःचा लॅपटॉप दुरुस्तीला आणून देतात. मी अजून सिस्टिमी टाकते, अजून फाइली दाबते आणि पुढंही दाबणार. दोष माझ्या छंदाचा नव्हता. छंदावर ढकलून मी सुटणार नाही. आणि घरानं मला कोंडीत पकडलं होतं म्हणूनही सुटणार नाही — एसटीत कुठं होतं घर?

परवा विहारात शेजारच्या कांताबाईंनी गाणं धरलं. दुसऱ्या कडव्यात त्या सरळसरळ बेसूर गेल्या. आत्याबाई दचकल्या. त्यांचा हात अर्धा वर आला — थांबवायला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागल्या.

कांताबाई चुकल्या होत्या. मीही टाळ्या वाजवल्या.