पेरू हवा की सीताफळ?

नगरहून बदली होऊन मी अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळेत आले आणि खेळाचा तास माझ्याच गळ्यात पडला. शिट्टी वाजली की पोरं मैदानात धावायची. सहावीतली एक जाडजूड मुलगी मात्र दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसायची. रोज तिचं पोट दुखायचं. खरं दुखणं मला लवकरच कळलं. दोन कप्तान नाव घेऊन एकेक गडी मागायचे आणि हिला कोणीच मागायचं नाही. असा संताप आला मला! अशीच बसत राहिली तर पोरगी खेळाला कायमची मुकली असती.

मग लहानपणची, आमच्या राहाता गावच्या गल्लीतली रीत आठवली. जोडीजोडीने लांब जायचं, कानात कुजबुजून गुप्त नावं ठरवायची आणि गळ्यात हात घालून कप्तानांना विचारायचं, पेरू हवा की सीताफळ? मागणाऱ्याला ठाऊकच नसतं, कोण मिळणार ते. पोरांना हे भलतंच आवडलं. भराभर जोड्या लागल्या आणि नेमकी तीच उरली. मी पदर खोचला, तिच्या गळ्यात हात टाकला. एका कप्तानाने पेरू मागितला, त्याला मी मिळाले. सीताफळ समोरच्या संघात गेलं.

कबड्डीत काय धमाल उडाली! बाईंना पाय लागला की पोरं पकड सोडून नमस्काराला वाकायची आणि मी तेवढ्यात रेषा गाठायची. पोरांच्या संस्कारांवर मी बेशरमपणे गडी बाद करत सुटले.

शेवटी समोर ती एकटीच राहिली. मी कबड्डी कबड्डी करत आत शिरले. तिचा पाय मला लागला, ती वाकली. झाला हिचाही नमस्कार, म्हणून मी वळले, तर तिने दोन्ही हातांनी माझा घोटा असा आवळला की मी सपशेल मातीत. दम तुटला. सगळं मैदान तिच्या नावाने ओरडत होतं आणि मी पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होते. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत मैदानावर पोहोचले तर ती माझ्याआधी हजर. काल गैरहजर असलेल्या सातवीतल्या उंच मुलीच्या गळ्यात तिचा हात होता.

"बाई, तुमी आज पायरीवर बसा," ती म्हणाली. "मला जोडी गावलीय."

मी बसले, तिचं दप्तर मांडीवर घेऊन.